त्यांच्या झोपेची दोरी

मला हिरड्याच्या काट्यावर तोललं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

जंगलमालाच्या डेपोच्या आवारात तो काटा टांगलेला असे. जाड साखळ्या, दोन लाकडी पारडी. जंगलातून हिरडा यायचा, डिंक यायचा, मोहफुलं यायची. सगळं त्यावर तोललं जायचं. त्या दिवशी डेपोच्या मालकांकडे, मी राहत होते त्या घरी, पाहुणे जेवायला होते. जेवणं झाली. पानं खाऊन मंडळी आवारात खुर्च्या टाकून बसली. मी उष्टी ताटं घेऊन मागच्या दाराकडे निघाले होते. मालकांच्या मेहुण्यांनी मला पाहिलं.

"ही कोण? केवढी फुगली आहे!"

"ही आमची मरळ," मालक म्हणाले. "खाते आणि चिखलात पडून झोपते."

मरळ हा आमच्याकडच्या तळ्यातला मासा. काळा, जाड, गुळगुळीत. माझा बाप ढिवर. तळ्यात जाळं टाकणारा. म्हणून त्या घरात माझं नाव मरळ.

"तोला की तिला," मेहुणे म्हणाले.

कोणी नको म्हणालं नाही. ताटं खाली ठेवायला लावली. मी पारड्यात बसले. पारडं धाडकन जमिनीला टेकलं, तेव्हाच पहिलं हसू फुटलं. म्हातारा मापारी माझ्याकडे न बघता दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवू लागला. तोलताना मापारी 'एक' म्हणत नाहीत, पहिल्या मणाला 'लाभ' म्हणतात. सवयीने तो ओरडला, "लाभ!"

"अरे, लाभ कसला?" ओसरीवरून मालकीण बाईसाहेब म्हणाल्या. "तोटा म्हण, तोटा!"

पुन्हा हसू. मापाऱ्याने दुसरं वजन ठेवलं. "दोन." मग शेराची वजनं. माझं पारडं जमीन सोडून वर आलं. मी सगळ्यांसमोर हवेत लोंबत होते. पारड्याला हिरड्याचा तुरट वास येत होता. माझ्या हाताला पाहुण्यांच्या उष्ट्या वरणाचा.

"दोन मण तीन शेर," मापारी म्हणाला.

मालकांची मुलगी विमल माझ्याच वर्गात होती, माझ्याच वयाची. तिने तोंडावर रुमाल धरला होता. रुमालाच्या वर तिचे डोळे दिसत होते. हसरे, स्वच्छ, झोप पुरी झालेले डोळे.

मी रडले नाही. खाली माझ्या पायांकडे बघत राहिले. घोटे सुजले होते. मला वजनाची लाज वाटली, ती वाटायचीच. पण माझ्या डोक्यात एकच शब्द अडकला होता. झोपते. मालक म्हणाले, ही झोपते. आदल्या रात्री मी चार तास झोपले होते. त्याच्या आदल्या रात्री त्याहून कमी.

हे सांगायचं तर मी त्या घरात कशी आले ते सांगावं लागेल.

माझं गाव चिमूरच्या अलीकडे, तळ्याच्या काठाला. तळ्याचा ठेका मालकांकडे होता. कोणी जाळं टाकायचं, कोणी नाही, हे ते ठरवत. मी चौथी पास झाले त्या वर्षी ते गावात आले होते. ठेक्याचा कागद मी बापाला वाचून दाखवत होते. अडखळले नाही. मालक थांबून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ढिवराची पोर वाचते की रे!"

त्यांची विमल चांद्याच्या इंग्रजी शाळेत जायची. तिला एकटीला बग्गीत भीती वाटे. वर्गात घेरी येऊन पडायची. तिला सोबत हवी होती. मालक बापाला म्हणाले, पोरीला आमच्याकडे दे. आमच्या घरी राहील, विमलबरोबर शिकेल. इंग्रजी बोलेल. बापाने हात जोडले. नाही म्हटलं असतं तर जाळं कुठे टाकलं असतं?

मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते. मला शिकायचं होतं.

'सोबत' या शब्दात किती काम मावतं ते मला तिथे कळलं. पहाटे चारला उठून बंब पेटवायचा, कारण मालक पाचला आंघोळ करून डेपोत जात. मग सडा, चहा, विमलची वेणी, विमलचे बूट. मग शाळा. शाळेत मी चांगली होते. इंग्रजी मला लवकर आली, विमलला येईना. संध्याकाळी तिचा गृहपाठ मी लिहायचा, तिने तो उतरवून काढायचा. मग जेवणं, भांडी. आणि सगळं आवरल्यावर बाईसाहेबांचे पाय.

बाईसाहेबांना झोप येत नसे. सगळ्या घराला त्याची काळजी. हळू बोला, त्यांचा डोळा लागतोय. दार वाजवू नका, त्यांचा डोळा लागलाय. झोप लागेपर्यंत मी त्यांचे पाय चेपायचे. दुपारी दोन-दोन तास झोपणाऱ्या बाईला रात्री झोप कशी येईल? हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. पण विचारायचं कोणाला? कधी बारा वाजत, कधी एक. पायाला लावायचं तेल कापराचं होतं. धुतलं तरी हाताचा वास जात नसे. त्याच हाताने मी जेवत असे. अजून कुठे कापूर जळला की मला मळमळतं. देवळात सुद्धा.

आणि उन्हाळ्यात पंखा.

वीज चांद्यात आली होती, पण आमचं आवार गावाबाहेर. तिथे तारा पोचल्या नव्हत्या. मधल्या खोलीत आढ्याला झालरीचा मोठा पंखा टांगला होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीवर येई. उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारी सगळं घर त्या पंख्याखाली झोपे आणि मी ओसरीवर बसून दोरी ओढे. आत गारवा, बाहेर झळा. पहिल्या वर्षी मला डुलकी लागली आणि पंखा थांबला. बाईसाहेब घामाने जाग्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मालकांनी बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू आणून दोरीला बांधलं. घुंगरू वाजत राहिलं म्हणजे मी जागी. थांबलं म्हणजे मी झोपले. त्या आवाजावर त्यांना छान झोप लागे. तो थांबला की जाग येई. आतून बाईसाहेबांची हाक यायची, "मरळ! मेलीस का?"

मी वाढत्या अंगाची पोर होते. बाराव्या वर्षापासून फुगायला लागले.

अपुऱ्या झोपेची भूक निराळी असते. ज्याने भोगली नाही त्याला ती सांगून कळत नाही. भाकरीने ती भागत नाही. तिला गोड लागतं, तुपातलं लागतं, लगेच लागतं. पहाटे चारला बंबापुढे बसले की पोटात आग पडायची. जेवून सहा तास झालेले नसत, तरी. आणि घरात उष्टं भरपूर. बाईसाहेब काही फेकू देत नसत. "खा गं, टाकण्यापेक्षा बरं." थिजलेलं तूप. अर्धा लाडू, त्यावर विमलच्या दातांच्या खुणा. वाटीच्या तळाची बासुंदी, वर साय धरलेली, सायीत बुडालेली माशी काढून टाकलेली. मी खायची. डोळे अर्धे मिटलेले, हात आपोआप तोंडाकडे जायचा. खाल्लं की तासभर जाग टिकायची. म्हणून पुन्हा खायची. मला त्या उष्ट्याची किळस यायची आणि मी ते खायची. दोन्ही खरं.

ज्या हाताने उष्टं वाढायचं त्याच हाताने माझ्या दंडाचा चिमटा घ्यायचा. "बघा कशी पोसली आहे आमच्याकडे." पाहुण्यांना दाखवायला मी चांगली होते. त्यांच्या घरात खायला कमी नाही, याचा मी पुरावा.

माझ्या मानेवर काळा पट्टा आला. मागच्या बाजूला, जाडसर, मखमलीसारखा. बाईसाहेबांना वाटलं मळ आहे. "शी! किती घाण पोर! मासोळीचा वास काही जायचा नाही हिचा." न्हाणीघरात मला खाली बसवलं आणि विटेच्या तुकड्याने मान घासली. पाणी लाल झालं. पट्टा गेला नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा घासली. तो मळ नव्हता. ते शरीराचं काही बिघडत होतं आणि कातडी ते सांगत होती. पण त्या घरात माझी कातडी कोण वाचणार? तिसऱ्या रविवारी मी स्वतःच वीट आणून बाईसाहेबांच्या हातात दिली. हे मला आज सगळ्यात जास्त झोंबतं. वीट मी आणून दिली.

काट्यावर तोललं त्या आठवड्यातच वर्गात आरोग्याचा धडा होता. विषय झोप. पुस्तकात लिहिलं होतं की वाढत्या वयात मोठ्या माणसांपेक्षा जास्त झोप लागते. झोप कमी पडली तर शरीर आणि बुद्धी दोन्ही खंगतात. मिसने सांगितलं, आपण किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो, ते प्रत्येकीने लिहा. एकूण तास काढा, आणि झोप कमी असेल तर कारणही लिहा.

मी खरं लिहिलं. मी घुमी होते, तोंडाने कधी काही सांगितलं नसतं. पण कागदावर, इंग्रजीत, मला धीर यायचा. इंग्रजीत ते दुसऱ्या कोणाबद्दल असल्यासारखं वाटे. झोपण्याची वेळ बारा ते एक. उठण्याची वेळ चार. 'कारण' या रकान्यात लिहिलं, दुसऱ्यांना झोपवण्यासाठी.

मिसने माझी वही उचलली आणि वर्गाला वाचून दाखवली. मग वहीवरून माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. सावकाश.

"खंगलेली दिसते का ही कोणाला?"

वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच राग आला होता.

"आळशी मुली जाड होतात," त्या म्हणाल्या. "आणि जाड मुली खोटं बोलतात. विमल, ही तुमच्याकडे राहते ना? किती झोपते ही?"

विमल उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. मी पाय चेपत असायची तेव्हा ती शेजारच्या खाटेवर झोपलेली असायची. बूट पुसताना मी पेंगायची ते तिने पाहिलं होतं. माझ्या कपाळाला बंबाचा चटका बसला तोही तिने पाहिला होता.

"वर्गात पण झोपते ना, मिस," विमल म्हणाली.

तेही खरंच होतं. मी वर्गात झोपायची. मिसने माझ्या वहीवर लाल शाईने 'लायर' लिहिलं आणि ती वही घरी सही करून आणायला सांगितली. मालकांनी सही केली. कारणाचा रकाना वाचला आणि वही बाईसाहेबांना दाखवली. त्या रात्री पाय चेपताना बाईसाहेब म्हणाल्या, "दुसऱ्यांना झोपवतेस का गं तू? मग झोपव." एक वाजून गेला तरी त्या जाग्या राहिल्या. मुद्दाम.

मे महिन्यात मंडळी पचमढीला गारव्याला गेली. तिथे पंख्याची गरज नव्हती, म्हणून माझी नव्हती. मला गावी पाठवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मायने मला दारात पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "हे काय झालं गा पोरी तुले?"

मी खाटेवर पडले आणि झोपले. त्या दिवशी दुपारी झोपले ती दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर उठले. पाणी प्यायले, पुन्हा झोपले. शेजारच्या बाया डोकावून जायच्या. "बीमार हाय का पोरगी?" माय म्हणायची, "निजू द्या. उठवू नका कोनी." चार दिवस मी जवळजवळ झोपूनच होते. पाचव्या दिवशी उठले आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते आधी कळेना. मग कळलं. पोटातली आग नव्हती.

मी घरी काही कमी खाल्लं नाही. भात, मासे, आंबाडीची भाजी. मायने आग्रह करून वाढलं. उन्हात तळ्यावर गेले, बापाबरोबर जाळी सुकवली. सूर्य बुडाल्यावर झोपायची, उजाडल्यावर उठायची. एवढंच केलं.

मायचा हात जाळं विणणारीचा. तिने पहिल्याच आठवड्यात जाळ्याच्या सुताचा तुकडा माझ्या कमरेभोवती धरला आणि गाठ मारली. मला चोळी शिवायची होती तिला. पंधरा दिवसांनी कापड आणलं तेव्हा पुन्हा सूत धरलं. गाठ जुळेना. सूत सैल पडत होतं. तिने दुसरी गाठ मारली. मग तिला नादच लागला. आठवड्याला एक गाठ. मी जायच्या आदल्या दिवशी ते सूत तिने उजेडात धरलं. गाठी एकामागे एक आत सरकत आल्या होत्या.

"तिथी काय खातेस तू?" तिने विचारलं.

"उष्टं."

"अन् निजतेस किती?"

मी बोटं दाखवली. चार. कधी तीन.

मायने सुताची एकेक गाठ पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "मंग हे मांस नाई, पोरी. तुही झोप साचली हाय अंगात."

मी हसले. तिला काय कळतंय, असं मला वाटलं. मी इंग्रजी शाळेतली. आणि मग मीच ते सूत हातात घेतलं. कारण पुस्तकात धडा होता, मिसकडे लाल शाई होती, मालकांकडे काटा होता, आणि या बाईकडे सुताचा तुकडा होता. खरं माप तिचं होतं. एवढ्या लोकांनी मला तोललं, बघितलं, घासलं. किती झोपतेस, हे विचारून माझ्या उत्तरावर विश्वास ठेवणारी ही पहिली.

मी तिला ते नाव सांगितलं. मरळ. बापही तिथेच बसून जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"मरळ निजत नाई," बाप म्हणाला. "पिल्लं असली का मरळ दिवसरात राखण करते. पान्यावर लाल ढग असते पिल्लांचा, त्याच्या खाली ती. जागी. त्याईले मासोळीबी मालूम नाई."

मग जाळ्यातला त्याचा हात थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. "पन ते राखण सोताच्या पिल्लांची करते," एवढं म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

जूनमध्ये मी परत गेले. का गेले, असं कोणी विचारेल. मॅट्रिकला दोन वर्षं होती. आणि तळं.

बाईसाहेबांनी मला पाहून नाक मुरडलं. "अगंबाई! आईने उपाशी ठेवलं वाटतं! कोमेजली पार." खुशीत होत्या. त्यांनी माझ्यासाठी पचमढीहून काही आणलं नव्हतं, पण त्या दिवशीची उष्टी ताटं भरलेली होती. पहिल्या रविवारी मेहुणे पुन्हा जेवायला आले. पाऊस लांबला होता. अंगाची लाही होत होती. श्रीखंड होतं. मेहुण्यांनी बोटाने वाटी चाटून माझ्यापुढे सरकवली.

"भर हिला परत. दिवाळीला पुन्हा तोलू या. बघू लाभ किती होतो."

मालक हसले. "मापाऱ्याला सांगून ठेवतो."

वाटीत बोटाचे ओरखडे होते. आतल्या बाजूला सुपारीचा एक तुकडा चिकटला होता. मी वाटी न्हाणीत नेऊन धुतली. खाल्लं नाही. भूक नव्हती. मी सहा आठवडे झोपले होते, माझ्या पोटात त्यांची भूक उरली नव्हती.

मग मंडळी पंख्याखाली आडवी झाली आणि मी ओसरीवर दोरी धरून बसले. घुंगरू वाजू लागलं. दार अर्धं उघडं होतं. आधी मी कधी आत बघत नसे, डोळे उघडे ठेवण्यातच जीव जायचा. त्या दिवशी मी पूर्ण जागी होते. मी बघितलं.

मालक उताणे. तोंड उघडं. ओठाच्या कोपऱ्यातून पानाची लाळ उशीवर आलेली. मेहुण्यांचं पोट वर-खाली होत होतं, बेंबीत घाम. बाईसाहेबांनी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं होतं, तळपाय माझ्याकडे. ते तळपाय मला माझ्या हातांइतके पाठ होते. विमल कुशीवर, गालाखाली हात. एक श्वास, मग दुसरा, सावकाश. सगळ्या खोलीला जेवलेल्या झोपेचा आंबूस वास होता. आणि ही सगळी झोप या दोरीला बांधलेली होती. दोरी माझ्या हातात होती. जी झोप माझ्या अंगातून काढली जात होती, ती तिथे घोरत पडली होती. आणि मला म्हणत होती, झोपाळू.

मला ओकारी आली. खरोखरची. मी पायऱ्यांवर जाऊन ओकले. घुंगरू थांबलं होतं. आत कोणीतरी कूस बदलली.

मी परत आले. दोरीचं घुंगरू सोडलं, ओसरीवर ठेवलं. आत गेले. विमल आणि भिंत यांच्यामध्ये गार फरशी मोकळी होती. तिथे आडवी झाले. हात उशाला घेतला. घाबरले होते. तरी झोपले. नाटक नव्हतं ते. मला झोप लागली.

जाग आली ती बरगडीत पाय बसला म्हणून. बाईसाहेबांचा पाय. कापराचा वास.

"ऊठ! ऊठ म्हणते ना! पंखा कोण ओढणार?"

सगळे जागे झाले होते. घामाने निथळत होते. मालक उठून बसले होते, डोळे लाल. मी त्या घरात चार वर्षं शाळेची इंग्रजी आणि पुस्तकी मराठी बोलले होते. माझ्या गावाची भाषा तिथे मासोळीच्या वासासारखी होती, मी ती धुऊन आत यायची. त्या क्षणी दुसरी कुठलीच भाषा तोंडात आली नाही.

"मी नाई उठत," मी म्हणाले. "मी निजून राह्यली."

"काय म्हणाली?" मेहुणे.

मालकांनी आवाज चढवला नाही. "बापाचं तळं आहे ना गं?"

तळं. तेवढं एक त्यांनी बरोबर ओळखलं होतं. बापाचे हात दिसले, जाळ्यात थांबलेले. मी उठून बसले. दोरी भिंतीच्या भोकातून लोंबत होती. उठून धरली असती तर सगळं होतं तसं झालं असतं. शाळा, मॅट्रिक, तळं.

तेवढ्यात विमल बोलली. रागाने नाही. तिने पदराने मान पुसली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पण मग आम्ही झोपायचं कसं?"

तिला खरंच कळत नव्हतं.

मी उभी राहिले. "तुमचा पंखा तुमी ओढा," मी म्हणाले.

बाईसाहेबांनी मला मारलं. ते काही विशेष नाही. संध्याकाळी डेपोतून परत जाणाऱ्या रिकाम्या बैलबंडीत बसून मी निघाले. वह्या घेऊ दिल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात बापाला तळ्यावर जायची बंदी झाली. तो दूर नदीवर जायला लागला, पहाटे निघायचा. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी मी उन्हं वर आल्यावर उठले, तर तो जाळं घेऊन निघून गेला होता आणि माझ्या खाटेवर ऊन येऊ नये म्हणून दारात पोतं टांगलेलं होतं. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. तळंही परत मिळालं नाही.

मॅट्रिक मी बाहेरून दिली. एक वर्ष उशिरा. आज मी कुरखेड्याकडच्या एका शाळेत शिकवते. मी बारीक झाले नाही. मानेवरचा पट्टा फिकट झाला, गेला नाही. घोटे अजून सुजतात. वाढत्या वयात जे हिरावलं गेलं ते सगळं परत मिळत नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नये. रस्त्यातून जाताना लोक माझ्याकडे बघतात आणि मनातल्या मनात तोलतात, मला कळतं. ते काय म्हणतात तेही कळतं. खाते आणि झोपते. हो. झोपते. आता झोपते.

मागच्या आठवड्यात एका अधिकाऱ्याच्या पत्नी शाळेत आल्या. चांगल्या घरच्या, मृदू बोलणाऱ्या. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यांनी हेरली होती. मोहफुलं वेचणाऱ्या बाईची. हुशार आहे, गणित भराभर सोडवते. "आमच्याकडे राहील," बाई म्हणाल्या. "आमच्या बेबीला सोबत होईल. शिकवू तिला. जेवणखाण सगळं. तिच्या घरचे तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा ना त्यांना."

मी विचारलं, "ती झोपेल किती?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"किती वाजता झोपेल आणि किती वाजता उठेल?"

त्या हसल्या. "अहो बाई, झोपेल की. काम आटपल्यावर."

नाकात कापूर आला. मी हजेरीचं पुस्तक मिटलं.

"नाही," मी म्हणाले.

"बघा बाई, पोरीचं भलं होईल. साहेबांच्या कानावर घालावं लागेल मला."

"घाला."

साहेब माझी बदली दूर एटापल्लीला करू शकतात, किंवा मला घरी बसवू शकतात. करू देत. त्या मुलीच्या आईकडे मी त्याच संध्याकाळी जाऊन आले. गावातल्या बाकीच्या घरीही गेले. प्रत्येक दारात एकच विचारायला शिकवून आले. कोणी पोर मागायला आलं, शिकवू म्हणालं, सोबत म्हणालं, तर आधी विचारा, निजू किती देणार. उत्तर देताना माणूस हसला, तर पोर देऊ नका.

माझ्या वर्गातून एकही मुलगी कोणाची दोरी ओढायला जाणार नाही. मी इथे असेपर्यंत नाही. बदली झाली तर जिथे जाईन तिथेही नाही.